‘मनाचे आहे’ म्हणजे ‘काही नाही’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या एकाच पानावर दोन मजकूर वाचले. एका बातमीच्या मथळ्यात दगडफेक करणाऱ्या तरुणाला ‘मनोरुग्ण’ ठरवले होते; त्याची तपासणी कोणी केली, याचा मात्र बातमीत उल्लेख नव्हता. शेजारच्याच सदरात परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न लागण्याला ‘डिप्रेशन’ म्हटले होते. शब्द असे सैल सुटले की खरोखर आजारी असलेला माणूस नजरेतून निसटतो, म्हणून हे पत्र.

वागणे जगावेगळे असणे आणि मन आजारी असणे यांतली रेषा आपल्या कायद्यानेही आखली आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार विचार, मनःस्थिती, संवेदन, भान किंवा स्मृती यांत असा मोठा बिघाड, की ज्यामुळे माणसाची निर्णयशक्ती, वागणूक, वास्तव ओळखण्याची किंवा रोजचे व्यवहार निभावण्याची क्षमता गंभीरपणे ढासळते, तो मानसिक आजार. समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक, राजकीय वा धार्मिक धारणांशी एखाद्याचे जुळत नाही, एवढ्यावरून त्याला आजारी ठरवता येणार नाही, असेही तिसऱ्या कलमात आहे. पूर्वी कधी उपचार घेतले होते, एवढेही कारण पुरेसे नाही. ‘याला येरवड्याला धाडा’ असे सहज म्हणणाऱ्या आम्हा सर्वांनी ते कलम एकदा वाचावे.

माझी आजी कडक सोवळे पाळत असे आणि त्यात ती सुखी होती. तो आजार नव्हता. पण हात स्वच्छ आहेत हे कळत असूनही नळाखालून ते काढता येत नाहीत, कातडी सोलवटते, कामावर पोहोचायला रोज तास-दीड तास उशीर होतो आणि माणूस त्या विचारांनी हैराण होतो, तेव्हा तो मंत्रचळ, म्हणजे ओसीडी असण्याची दाट शक्यता असते. बाहेरून दोन्हीकडे पाणीच सांडताना दिसते. फरक पाहायचा तो त्रास किती, किती काळ आणि रोजचे जगणे अडते का, यांत.

सर्वांत जास्त फसवतात ते नैराश्य आणि चिंता हे नेहमी आढळणारे आजार, कारण ते शरीराच्या तक्रारी घेऊन येतात. माझ्या वहिनी आठ महिने अंगदुखी आणि अ‍ॅसिडिटीसाठी औषधे घेत होत्या. पहाटे तीनला जाग यायची, मग झोप नाही. वर्षानुवर्षे हातचा अंदाज न चुकलेल्या वहिनींकडून आमटीत दोनदा मीठ पडू लागले, नातू आला तरी त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ईसीजी, रक्ततपासणी, सोनोग्राफी, सगळे नॉर्मल आले तेव्हा त्यांना सांगण्यात आले, “काही नाही, मनाचे आहे.” त्या वाक्यातला स्वल्पविराम आमचे आठ महिने खाऊन गेला, कारण घरातही सगळ्यांनी त्याचा अर्थ ‘काही नाही’ एवढाच घेतला. उदासी किंवा कशातच रस न वाटणे दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ टिकले आणि सोबत झोप, भूक, शक्ती, एकाग्रता यांवर परिणाम झाला, तर नैराश्याची तपासणी व्हायला हवी, ही साधी गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. पुढे उपचार सुरू झाले, तेव्हा गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात हे मानसोपचारतज्ज्ञांनी आधीच बजावले होते म्हणून बरे, नाहीतर आम्ही त्या दहाव्या दिवशीच बंद केल्या असत्या.

आमचे घर अपवाद नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 10.6 टक्के प्रौढांना मानसिक आजार आढळले, आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. (ज्या बारा राज्यांत हे सर्वेक्षण झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून कोणी निश्चिंत होऊ नये.)

आपल्याकडे मागणे दोनच. डॉक्टरांनी निदान केलेले नसेल किंवा त्याचा बातमीशी थेट संबंध नसेल, तर ‘मनोरुग्ण’, ‘माथेफिरू’ हे शब्द मथळ्यात नकोत. आणि ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा विनामूल्य क्रमांक, ज्यावर मराठीतूनही बोलता येते, रोजच्या बाजारभावांच्या चौकटीशेजारी छापावा. ते पान सर्वांत आधी उघडणारे आमच्या घरात तरी वहिनींचे यजमानच आहेत.

आपला,
एक वाचक, सातारा