मंत्री महोदय, मेट्रोच्या लिफ्टपासून मढच्या धक्क्यापर्यंत एकदा माझ्याबरोबर या

मा. मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

विषय : वर्सोवा मेट्रो स्टेशन ते वेसाव्याचा (म्हणजे वर्सोवा गावाचा) धक्का, तिथून तरीने, म्हणजे खाडी पार करणाऱ्या होडीने, मढ गाव. व्हीलचेअरने, काठीने किंवा दुखऱ्या गुडघ्यांनी जाता येईल अशी सलग वाट.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, त्यामुळे हे सगळं डाव्या हाताने मोबाईलवर टाइप करतोय. चुका असतील, समजून घ्या. दोन-तीन दिवस लागले लिहायला पण लिहिल्याशिवाय राहवेना.

मी मढचा. वय ४७. लहानपणी पोलिओ झाला, चाळिशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर काढली, मग खांदे गेले आणि व्हीलचेअर घेतली. चकाल्याला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करतो. रोज घरातून धक्का, धक्क्यावरून तर पकडून वेसावे, वेसाव्यातून जे. पी. रोडने सात बंगल्यावरून मेट्रो, आणि संध्याकाळी तसंच उलटं. जमिनीवरचा भाग साधारण तीन किलोमीटर आणि खाडी पाच मिनिटांची. गाडीने यायचं म्हटलं तर मढ-मार्वे रोडने मालाडला जाऊन परत अंधेरीकडे, वीसेक किलोमीटर आणि ट्रॅफिकमध्ये दीड-दोन तास. म्हणजे आमच्या गावाला मुंबई समोर दिसते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ, पण पोचायचं तर हीच एक वाट आहे.

आता पडलो कसा ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्या देवळासमोर मीटिंग झाली होती, एक मोठे साहेब आले होते, नाव घेत नाही, खातंही सांगत नाही. त्यांनी माईकवर सगळ्यांसमोर सांगितलं की नारळी पौर्णिमेच्या आत स्टेशनपासून धक्क्यापर्यंत सलग, व्हीलचेअर जाईल अशी वाट करून देतो. आमच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या आईने तर त्यांना नारळ दिला. नारळी पौर्णिमा गेली, गणपती गेले, शिमगा गेला. मग एक दिवस बघतो तर फुटपाथच्या एका तुकड्याला नवा रॅम्प. खोटं सांगत नाही, मला आनंद झाला. संध्याकाळी येताना मुद्दाम रस्ता सोडून त्या रॅम्पवर खुर्ची चढवली. चढ इतका उभा की पुढची चाकं हवेत उचलली जात होती, तरी दम लावून वर गेलो, आणि वर बघतो तर समोर बोलार्ड. लोखंडी खांब, एकाला लागून एक. माझी खुर्ची ६६ सेंटीमीटर रुंद आहे आणि दोन खांबांमधली जागा त्याहून कमी, नंतर भाच्याने टेप लावून मोजली, ५५ भरली. खुर्ची वळवायला जागा नाही, मागून एक बाई बाळाला घेऊन येतायत, पुढे जाता येत नाही. शेवटी उलटं उतरायला लागलो आणि त्या उतारावर खुर्ची मागच्या मागे कलंडली. मनगट दोन ठिकाणी मोडलं. एका भाजीवाल्याने आणि क्लासला चाललेल्या दोन पोरांनी उचललं मला.

सहा आठवडे प्लास्टर सांगितलंय. तुम्हाला हात मोडला म्हणजे हात मोडला, मला हात मोडला म्हणजे चालणं, जेवणं, संडासला जाणं, अंथरुणावरून उठणं सगळंच बंद. ७१ वर्षांची आई मला उचलून बसवते. ती बाई अजून पहाटे माशांची पाटी घेऊन वेसाव्याला जाते, तिच्या स्वतःच्या गुडघ्यांत काही उरलेलं नाही, आणि घरी येऊन ४७ वर्षांच्या मुलाला न्हाऊ घालते. पगारी रजा संपल्यात. हे सगळं एका रॅम्पमुळे, महोदय. रॅम्प नसता तर मी रस्त्याच्या कडेने गेलो असतो, जसा रोज जातो, बसच्या आणि रिक्षांच्या मधून.

तक्रार केली मी. पडायच्या आधीही केली होती, त्याच फुटपाथबद्दल फोटो टाकून. चार दिवसांनी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. कोण आलं, काय केलं, कुणाला विचारलं? मी तिथून रोज जातो, मला माहीत नाही निवारण झाल्याचं! पडल्यावर परत तक्रार केली तर सांगितलं की फुटपाथ आमच्याकडे पण खांब दुसऱ्या कामात बसवलेत, तिकडे विचारा. तिकडे विचारलं तर धक्क्याकडचा भाग त्यांच्याकडे नाही, आणि गटाराची झाकणं तिसऱ्यांकडे. माझी वाट एकच आहे हो. ती तुम्ही लोकांनी चार टेबलांवर वाटून घेतलीय.

माझं मुख्य म्हणणं हेच आहे आणि ते तुम्ही नीट ऐका अशी विनंती आहे. तुम्ही तुकडे मोजता. इतके रॅम्प केले, इतके मीटर पिवळ्या टाइल बसवल्या, इतक्या लिफ्ट. आम्ही तुकड्यावर राहत नाही, आम्ही तुकड्यावरून जातो. शंभर पावलांतली नव्याण्णव चांगली आणि एक अडलेलं असेल तर व्हीलचेअरवाल्याला ती अख्खी वाट बंद असते, त्याला उडी मारता येत नाही. २०१४ पासून या मेट्रोने जातोय मी, लिफ्ट आहे, डब्यात खुर्ची सरळ जाते, तिथे मला कुणाचा हात लागत नाही. आणि लिफ्टमधून बाहेर पडून रस्त्याला लागलो की पहिल्याच मिनिटाला हात जोडावे लागतात. आमच्या गावातला एक मित्र पूर्ण आंधळा आहे, तो काठीने त्या पिवळ्या टाइल पकडून चालतो. लांब रेषांची टाइल म्हणजे सरळ चल, ठिपक्यांची म्हणजे थांब, पुढे काहीतरी आहे, हे त्याला पायाला कळतं. तर एका जागी रेषांची टाइल त्याला सरळ विजेच्या डीपी बॉक्सवर नेऊन आदळते. मध्ये ठिपका नाही, वळण नाही. कपाळावर खूण आहे त्याच्या. ज्या माणसाने ती टाइल बसवली त्याला ती कशासाठी असते हे कुणी सांगितलंच नसणार.

आणि नियम नाहीत असं कुणी म्हणू नये. मी अकाउंट्सवाला आहे, कागद वाचायची सवय आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याचे नियम जून २०१७ मध्ये आले, त्यानंतर पाच वर्षांत सगळ्या जुन्या सार्वजनिक इमारती आमच्यासाठी सुगम करायच्या होत्या, म्हणजे जून २०२२. कायद्यात फक्त इमारती नाहीत, रस्ते आणि वाहतूकसुद्धा आहे. रॅम्पचा उतार एकास बारा, हे तर कुठल्याही इंजिनियरला माहीत असतं. फुटपाथ १५ सेंटीमीटर उंच असेल तर रॅम्प १८० सेंटीमीटर लांब पाहिजे. मी पडलो तो रॅम्प माझ्या खुर्चीइतकाही लांब नाही, आणि फुटपाथ मुळातच नियमापेक्षा उंच, कारण रस्ता खोदायचा आणि फुटपाथवर थर चढवायचा हे चालूच असतं. बोलार्ड मोटरसायकलवाले फुटपाथवर चढतात म्हणून लावले, हे मला मान्य आहे, मलाही त्यांचा त्रास होतो. पण दोन खांबांत निदान ९० सेंटीमीटर जागा ठेवा हे लिहिलेलं आहे ना. २०२३ मध्ये मुंबईतल्याच व्हीलचेअरवरच्या एका नागरिकाने याच खांबांबद्दल ईमेल केला तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सुगमतेचे नियम नुसते मार्गदर्शक नकोत, बंधनकारक पाहिजेत. मे २०२५ मध्ये परत सांगितलं की चालायला धड फुटपाथ असणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि तो दिव्यांगांना वापरता आला पाहिजे. एवढं सगळं देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने सांगून झालं आणि मी सात बंगल्याच्या एका खांबापाशी अडतो.

आता धक्क्याचं. हा भाग शहरातल्या लोकांना कळत नाही म्हणून सविस्तर लिहितो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्याकडे भरती आणि ओहोटीच्या पाण्यात चार-पाच मीटरचा फरक पडतो. म्हणजे दुपारी होडी धक्क्याच्या कडेला लागते आणि संध्याकाळी तीच होडी एक मजला खाली असते. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, चिखल, होडीला टेकवलेली एक फळी. मला चार जण खुर्चीसकट उचलतात. मी ६८ किलो, खुर्ची १७. पोरं चांगली आहेत, ओळखीची आहेत, एका पैशाची अपेक्षा करत नाहीत, पण रोज दोनदा, वर्षानुवर्षं, चार माणसांच्या हातांवर लटकत खाली पाणी बघत जायचं हे कसं असतं ते मी कुणाला सांगू शकत नाही. माझी भाची लहान असताना हसायची, मामाची पालखी म्हणायची. आता मोठी झालीय, ती त्या वेळी दुसरीकडे बघते.

मी दिसतो कारण माझ्याखाली खुर्ची आहे. पण धक्क्यावर सकाळी सहाला उभे राहा, तुम्हाला दिसेल पाटी डोक्यावर घेऊन कंबर धरून एकेक पायरी उतरणाऱ्या आमच्या कोळणी, पोटुशा मुली, मोतीबिंदूवाले म्हातारे. ओल्या शेवाळावरून घसरलेल्या बायकांची यादी करायला बसलो तर आमच्या आळीतलं एक घर सुटणार नाही. त्यांच्याकडे कुठलं कार्ड नाही, त्या कुठल्या आकड्यात नाहीत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग मोजले होते, त्यालाही किती वर्षं झाली बघा, आणि त्यात माझ्या आईसारखी गुडघे गेलेली बाई कुठून येणार.

यावर उपाय नाही असं नाही. तरंगता धक्का असतो, पाण्याबरोबर वर-खाली होतो, होडीची कड आणि धक्क्याची कड कायम सारखी राहते. कोचीला एप्रिल २०२३ पासून वॉटर मेट्रो चालू आहे, तिथे असेच तरंगते धक्के आहेत, व्हीलचेअर आपली आपण आत जाते. आमच्याकडे पाणी जास्त चढतं-उतरतं, मान्य आहे, मग जोडणारा पूल लांब करा, वळवून घ्या, मोठमोठे इंजिनियर आहेत ना आपल्याकडे. समुद्रावर २१.८ किलोमीटरचा अटल सेतू बांधलात, १७,८४० कोटी लागले, त्यावर पायी जायला बंदी. त्या पुलाचा मला राग नाही. पण मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं होतं आणि एवढ्या श्रीमंत शहरात दर वेळी पैशाचा विषय निघाला की पहिली काट चालणाऱ्या माणसावर का बसते? गाडीवाल्याची दहा मिनिटं वाचवायला डोंगर पोखरता, समुद्र भरता. आमचं अख्खं आयुष्य त्या पायऱ्यांवर जातंय त्याचा हिशोब कुठल्या फायलीत आहे? वेसावे आणि मढ जोडणाऱ्या पुलाची योजना आहे असं सगळे म्हणतात. तो पूल होईल तेव्हा त्यावर खुर्ची जाईल असा रुंद फुटपाथ नकाशात आत्ताच काढून घ्या, नंतर जागा नाही म्हणून सांगू नका.

डिसेंबर २०२२ मध्ये आमच्यासाठी वेगळा विभाग झाला तेव्हा मी पेढे वाटले होते धक्क्यावर, खरंच. आम्हाला अपंग म्हणायचं सोडून दिव्यांग म्हणायला लागलात. मला तुम्ही काय वाटेल ते म्हणा हो, लंगडा म्हणा, पण वाट द्या. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पायऱ्यांवर लाकडी रॅम्प येतो, एक व्हीलचेअर येते, ती ढकलायला स्वयंसेवक येतो, फोटो काढतात माझा शाई लावलेलं बोट वर केलेला. दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत भाचीच्या पालकसभेला गेलो तर रॅम्प नाही. म्हणजे तुम्हाला जमतं. एका दिवसासाठी जमतं, ज्या दिवशी तुम्हाला आम्ही लागतो.

माझ्या मागण्या फार नाहीत. तो रॅम्प तोडून एकास बाराचा करा आणि खांब लांब लावा, याला आठवडासुद्धा लागत नाही. पिवळ्या टाइल त्या डीपीला वळसा घालून न्या. दोन्ही धक्क्यांच्या पायऱ्या शेवाळ काढून खरखरीत करा आणि एका बाजूला धरायला दांडा लावा, तरंगता धक्का होईपर्यंत तेवढं तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्टेशनच्या लिफ्टपासून मढच्या पहिल्या घरापर्यंत या पूर्ण वाटेला एकच जबाबदार अधिकारी नेमा, त्याचं नाव आणि फोन नंबर धक्क्यावर बोर्डावर लिहा, आणि कुठलंही काम पास करायच्या आधी त्या वाटेने व्हीलचेअरवरचा एक आणि काठीवाला एक माणूस चालवून बघा. आमच्या गावात दोघंही आहेत, फुकट येऊ.

प्लास्टर निघालं की पहिल्या सोमवारी मी कामावर जाणार आहे. तुम्ही त्या दिवशी या. सकाळी सात वाजता मढच्या धक्क्यावर, गाडी घेऊन नको, गाडी तिथे काही कामाची नाही. त्या दिवशीची ओहोटी पंचांगात बघून तुमच्या ऑफिसला आधी कळवतो. पाण्याला उतार असेल तर एक माणूस कमी पडतो खुर्ची उचलायला, तेव्हा चपला काढून पँट गुडघ्यापर्यंत वर करायची तयारी ठेवा.

आपला,
मढ कोळीवाड्यातला एक रहिवासी