अर्थमंत्र्यांना खुलं पत्र: टॅक्स घेताय, तर स्टेबलकॉईन काढणाऱ्याचा हिशोबही मागा

मा. निर्मला सीतारामन मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी पुण्यात लोकांचे रिटर्न भरून देतो. डिझाईन, कोडिंग, व्हिडिओ एडिटिंग करणारी बरीच पोरं हल्ली अशी येतात ज्यांना बाहेरचा क्लायंट यूएसडीटीत पैसे देतो, म्हणजे टेदर कंपनीचं स्टेबलकॉईन, किंमत स्थिर ठेवलेलं क्रिप्टो चलन, एक कॉईन बरोबर एक डॉलर असं कंपनी सांगते. रिटर्नमधल्या क्रिप्टोसाठीच्या भागात, म्हणजे शेड्यूल व्हीडीएमध्ये, कधी घेतलं, कधी विकलं, कितीला, सगळं भरावं लागतं. पण हे कॉईन काढलंय कोणी आणि त्याच्यामागे खरंच डॉलर आहेत का, हे आपल्याकडे कोणीच विचारत नाही.

२०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स, विकताना १ टक्का टीडीएस, तोटा वजा करता येत नाही, मग २०२३ मध्ये एक्स्चेंजवाल्यांना मनी लाँडरिंग कायद्याखाली आणून एफआययूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदणी करायला लावली. ही सगळी चौकशी घेणाऱ्याची आणि एक्स्चेंजची झाली, कॉईन काढणारी कंपनी राहिलीच. आणि पोरांचा समज असा की सरकार टॅक्स घेतंय म्हणजे तपासलं असणारच.

टेदरचंच बघा. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलसोबतची, कॉईनमागच्या डॉलरबद्दलची केस १.८५ कोटी डॉलर देऊन मिटवली. त्याच वर्षी ऑक्टोबरात अमेरिकेच्या सीएफटीसीने, म्हणजे तिथल्या वायदे बाजाराच्या नियामकाने, ४.१ कोटी डॉलर दंड लावला, कारण २०१६ ते २०१८ मधले जे २६ महिने त्यांनी तपासले त्यातल्या फक्त २७.६ टक्के दिवशी खात्यांत पुरेसे डॉलर होते. कंपनीने दोन्हीकडे आरोप मान्य केले नाहीत, पण पैसे भरले. त्यानंतर बीडीओ इटालिया ह्या अकाउंटिंग फर्मच्या सहीचे तिमाही रिपोर्ट येऊ लागले, पण ते म्हणजे ऑडिट नव्हे हो. ३० जूनला किती होते ते कळतं, १५ जुलैला किती होते ते नाही.

आणि समजा सगळे डॉलर आहेत, तरी आमच्या पोराला ते मिळतात का? कंपनीकडून थेट परत घ्यायचे तर कमीत कमी १ लाख डॉलरचे कॉईन लागतात. ज्याच्याकडे ८०० आहेत तो पीटूपीवर, म्हणजे थेट माणसामाणसातल्या व्यवहारात, कोणा अनोळखी माणसाला विकतो, त्या माणसाचे पैसे फ्रॉडचे निघाले की सायबर पोलिसांचं पत्र बँकेत जातं आणि ह्याचं खातं फ्रीज. माझ्याकडच्या एका मुलाचं असंच झालं, घरभाडंसुद्धा त्याच खात्यातून जायचं.

स्टेबलकॉईन काढणाऱ्यांत नीटनेटक्या समजल्या जाणाऱ्या सर्कल कंपनीलाही मार्च २०२३ मध्ये झटका बसलाच. तिच्या यूएसडीसी कॉईनमागचे ३.३ अब्ज डॉलर सिलिकॉन व्हॅली बँकेत अडकले, कॉईन ८८ सेंटच्या आसपास आलं आणि अमेरिकन सरकारने ठेवीदारांचे सगळे पैसे मिळतील म्हटल्यावरच सावरलं. म्हणजे पैसे आहेत का एवढं विचारून भागत नाही, ठेवलेत कुठे हेही विचारायला लागतं.

अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये स्टेबलकॉईनसाठी जिनियस ॲक्ट केला, पूर्ण रिझर्व्ह (कॉईनमागे राखून ठेवलेला पैसा) आणि दर महिन्याला त्याचा तपशील सक्तीचा. युरोपात मिका हे क्रिप्टोसाठीचे नियम आले तेव्हा मोठ्या एक्स्चेंजनी तिथल्या ग्राहकांसाठी यूएसडीटी बंद केलं. आपल्याकडे तेच बिनधास्त विकलं जातंय.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तुम्ही स्वतः म्हणालात की स्टेबलकॉईनशी व्यवहार करायची तयारी देशांना ठेवावीच लागेल. स्टेबलकॉईनबद्दलची रिझर्व्ह बँकेची काळजी मला पटते, मी परवानगी द्या किंवा बंदी घाला असं काहीच म्हणत नाहीये. पण तो निर्णय होईपर्यंत एफआययूकडे नोंदलेल्या प्रत्येक एक्स्चेंजला एवढं तरी सक्तीचं करा: स्टेबलकॉईन विकायच्या आधी, त्याच स्क्रीनवर, मराठी-हिंदीसह आपल्या भाषांत दाखवायचं की कंपनी कुठल्या देशातली, रिझर्व्ह कशात आणि कुठे, पूर्ण ऑडिट झालंय का, कमीत कमी किती कॉईन परत देता येतात आणि कंपनी बुडाली तर दाद कुठे मागायची. ज्या कंपनीकडून ही उत्तरं मिळणार नाहीत तिचं कॉईन इथे लिस्ट होऊ देऊ नका. पुढच्या रिटर्नच्या सीझनच्या आत हे झालं तर फार बरं होईल.

आपला,
पुण्यातला एक करसल्लागार