साखरपुड्याआधी विचारून घे

प्रिय बाळ,

सलाम. परवा फोनवर तुझाही आवाज चढला आणि माझाही. तेव्हापासून अप्पा घरात गप्पगप्प आहेत. मुलगा गुणी आहे, त्याच्या आईने पहिल्याच भेटीत मला जवळ घेतलं, सगळं मान्य. पण तू सहज बोलून गेलीस ना, "तिकडे बायका सभेत बोलत नाहीत, मला चालेल", ते माझ्या मनातून जात नाही.

डोकं झाकण्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी स्वतः पदर घेतल्याशिवाय प्रभूभोजनाला उठत नाही. तू ओढणी खुशाल घे. त्यांच्या ब्रेदरन मंडळीतली भाकर मोडण्याची सभा, म्हणजे त्यांचं प्रभूभोजन, मी पाहिली आहे. पुरुष एकेक करून उठतात, प्रार्थना करतात, गीत सुचवतात; बायकांचा आवाज निघतो तो गाण्यापुरताच. भक्ती खरी आहे, शिस्तही आहे. पण तिथे तू गप्प बसलेली माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही.

त्याचं म्हणणं, ही रूढी नव्हे, उत्पत्तीपासूनचा क्रम आहे. आदाम आधी घडला, मग हव्वा, आणि प्रेषित पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रात हेच कारण दिलंय. दिलंय, खरं आहे. मी ते वचन पुसायला निघाले नाही. पण त्याच्याच करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढ. बाईने डोकं झाकून प्रार्थना करावी, संदेश द्यावा, असं तोच पौल सांगतो. ती बोलणारच नसेल तर हे सांगायचं कशाला? थोडं पुढे तोच म्हणतो की स्त्री पुरुषापासून झाली तसा पुरुष स्त्रीच्या पोटी येतो, आणि सगळं देवापासून आहे. चौदाव्या अध्यायात गप्प राहा म्हटलंय, तेही वाच. पण एकाच पत्रातलं एक पान उघडायचं आणि दुसरं मिटून ठेवायचं, याची मला भीती वाटते. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपाचं केलं ना?

झाला माझा उपदेश सुरू. माफ कर. आपल्या सीएनआयमध्ये, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, बायका पाळक होतात म्हणून मला त्यांचं खटकतं, असं तू म्हणालीस. तसं नाही गं.

माईंची आई केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, तुला ठाऊक आहे. 1905 च्या आत्मिक जागृतीत तिथल्या मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करायच्या, हे तिने थोरल्या बायकांकडून ऐकलेलं. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणलं. त्या 1922 साली गेल्या, छापील शास्त्र 1924 मध्ये आलं, आणि त्याचे छपाईचे खिळे जुळवले ते मुक्तीतल्याच बायकांनी. माई पहाटे चुलीपाशी मोठ्याने प्रार्थना करायच्या, घरातल्या एकेकाचं नाव घेऊन, गाईचंसुद्धा. आणि अप्पांच्या ऑपरेशनच्या रात्री? मला तर शब्दच फुटत नव्हता. तू वॉर्डात उभी राहून प्रार्थना केलीस, पलीकडच्या खाटेवरच्या मावशींनीही हात जोडले. अप्पा अजून पाहुण्यांना ते सांगतात.

तीच तू म्हणतेस, मला चालेल. खरंच चालेल, की त्याला दुखवायचं नाही म्हणून?

साखरपुड्याआधी त्याला शांतपणे विचार. सभेतलं राहू दे, पण घरच्या प्रार्थनेत तू बोलशील का? घरात कुणी आजारी पडलं तर तुझ्या तोंडची प्रार्थना त्याला चालेल का? उद्या मुलगी झाली तर तिला काय शिकवणार, की ती नंतर घडलेली म्हणून मागे? रागावून नको विचारूस, तो चिडणाऱ्यातला नाही. उत्तर काहीही आलं तरी तुझ्या लग्नाला मी उभी राहीन. पण ते तू स्वतः ऐकून घे.

काकांना मी अजून काही बोलले नाही. हॉलचे पैसे शनिवारपर्यंत द्यायचे आहेत, त्याआधी फोन कर. अप्पांनाही तुझ्याशी बोलायचंय.

तुझी,
आई