अँबॅसिडरची भावकी

कोव्हेंट्री,
१९ मे २०२४

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू माझ्या या जुन्या गाडीबद्दल "सगळं मिळून किती घातलेस?" एवढंच विचारलंस आणि मी "रेंज जातीय" म्हणून फोन ठेवला. रेंज होती लेका. आमची ही शेजारी बसली होती. आज रविवार आहे, ती मैत्रिणीकडे गेलीय, म्हणून सगळं बैजवार लिहितो. पत्र वाचून झालं की कपाटात ठेव. वहिनींच्या हाती लागलं तर दुसऱ्या दिवशी इकडे पोहोचेल.

गाडी एमजीबी. १९७३ सालची, दोन सीटची, वर कापडी टप. तुमच्याकडे एमजी हेक्टरवर जो अष्टकोनी बिल्ला दिसतो तोच हिच्या नाकावर आहे. आता तो चिनी कंपनीच्या मालकीचा, तेव्हा अस्सल इंग्रज. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी बनली, पाच लाखांच्या वर. त्यातल्या निम्म्याहून जास्त अमेरिकेला गेल्या. माझी त्यातलीच एक. अ‍ॅबिंग्डन माझ्या घरापासून साठेक मैलांवर, आणि तिथं जन्मलेली गाडी मी आणली कुठून, तर कॅलिफोर्नियातून. तू मला येडा म्हणणार हे गृहीत धरून पुढचं लिहितोय.

इथल्या इथं का घेतली नाही? गंज. इंग्लंडात हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ-पाणी पत्र्याच्या घड्यांत शिरतं आणि आतून खात बसतं. हिला वेगळी चेसिस नाही. दाराखालची सिल म्हणजेच हिचा कणा, आणि ती सिल म्हणजे आत एक, मध्ये एक, बाहेर एक असे पत्र्याचे थर. बाहेरचा चकचकीत असतो, आतला केव्हाच गेलेला. मी इथं तीन गाड्या बघितल्या. पहिलीला खिशातलं लोहचुंबक लावलं तर ते खाली पडलं. वीतभर नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. दुसरीला दारं उघडी ठेवून मधोमध जॅक लावला, तर दार परत बंद होईना, गाडीच केळ्यासारखी वाकली. मालक म्हणाला, "जुन्या गाड्यांचं असंच असतं." तिसरी बरी होती, पण तिची किंमत ऐकून मीच वाकलो. कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात हवा कोरडी आणि रस्त्यावर मीठ नाही. तिथं उन्हानं डॅशबोर्डला भेगा पडतात, सीटा फाटतात, रंग उडतो. पण सीट शिवता येते रे, कणा शिवता येत नाही. रंगाला पैसे द्यायचे नाहीत, पत्र्याला द्यायचे, हे आपल्या गॅरेजवाल्या आबांचंच वाक्य. फक्त ते टॅक्सीवाल्यांना सांगायचे.

आणि आता खरी गंमत. हिचं इंजिन म्हणजे बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांच्या गॅरेजात आपण ज्याच्यावर हात काळे केले ते अँबॅसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन आठव. तेही बी-सिरीजच! एकाच घराण्यातली दोन पोरं. एक कलकत्त्यात नोकरीला लागून सरकारी साहेबांची झाली, दुसरी अमेरिकेत जाऊन समुद्रकाठी हुंदडली. हिचं १७९८ सीसी. अँबॅसिडरला एक कार्बोरेटर असायचा, हिला एसयू कंपनीचे दोन. त्यात क्रँक तीन बेअरिंगवर फिरायचा, हिच्यात पाचवर. बाकी पुशरॉड, रॉकर, डिस्ट्रिब्यूटरची जागा, सगळं इतकं ओळखीचं की फोटोत बोनेट उघडलेलं बघितलं आणि मला ऑइल-डिझेल आणि आबांच्या विडीचा वास आला. खोटं नाही सांगत. इथले जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक हिच्याबद्दल देवघरातल्या मूर्तीसारखं हळू आवाजात बोलतात. मी मनात म्हणतो, अरे ही तर आपली भावकी.

विकणारा फ्रेस्नोकडचा निवृत्त शिक्षक. मी स्वतः जाण्यात पैसे घालवले नाहीत. तिथल्याच एका गाडी तपासणाऱ्या माणसाला दोनशे डॉलर दिले आणि रात्री अकराला व्हिडिओ लावला, तेव्हा तुझ्याकडे पहाट होती आणि तू तोंडात ब्रश घेऊन बसला होतास. तू विचारायला लावलेला पहिला प्रश्न मी जन्मात विसरणार नाही : "बोनेटवर हात ठेवून सांग म्हणावं, गार आहे का?" गरम इंजिन कुणीही चालू करून दाखवतं. होतं गार. चोक ओढून दुसऱ्या सेल्फला घेतली. धूर पांढुरका, मग नाहीसा. ऑइल प्रेशर चालताना पन्नासच्या वर, गरम झाल्यावर आयडलिंगला वीस. सिलला चुंबक फाटकन चिकटलं. तू म्हणालास, "घे." नऊ हजार डॉलर, म्हणजे इथले सुमारे ७,१०० पौंड.

पुढं मात्र पाच आठवडे गाडी जागची हलली नाही. कारण ऐकून तुला आपल्या शेताची आठवण येईल. तिकडे आर.सी. बुकाला 'टायटल' म्हणतात, कॅलिफोर्नियात लाडानं 'पिंक स्लिप'. त्या टायटलवर एका बँकेचा बोजा तसाच पडून! मास्तरांनी कर्ज कधीच फेडलेलं, पण सातबाऱ्यावरून नाव कमी करायचं राहिलं. त्यात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली. बोजा असला की गाडी देशाबाहेर जात नाही, कारण तिथल्या कस्टमकडे जहाजाच्या निदान ७२ तास आधी अस्सल टायटल द्यावं लागतं. गाडी चोरीची नाही आणि तिच्यावर कुणाचा हक्क नाही, हे ते तपासतात. मास्तर बिचारे त्या वयात बँकेच्या दारात चार वेळा गेले. मी एक शिकलो. गाडीआधी कागद बघायचा. पत्रा मागाहून दुरुस्त होतो, कागद होत नाही.

डिसेंबरात गाडी लाँग बीच बंदरात पोचली. कंटेनरऐवजी रो-रो जहाज घेतलं, त्यात गाडी चालवत आत नेतात आणि चालवत बाहेर काढतात. स्वस्त पडतं. टाकीत पेट्रोल पावपेक्षा कमी लागतं आणि आत एकही सुटी वस्तू चालत नाही. भाडं आणि विमा मिळून १,७०० पौंड. विमा सगळ्यांनी टाळायला सांगितला, मी काढला.

मग जहाज पनामा कालव्याच्या तोंडाशी थांबलं. का, तर पाऊस नाही. हसू नकोस. कालव्यातली लॉक, म्हणजे जहाज वर-खाली करणारे दरवाजेबंद हौद, गातुन तलावाच्या गोड्या पाण्यावर चालतात, एक जहाज पलीकडे काढायला सुमारे २० कोटी लिटर पाणी समुद्रात सोडावं लागतं. २०२३ साली तिथं दुष्काळ पडला, तळं खाली गेलं आणि रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजं जानेवारीत २४ वर आणली. म्हणजे राधानगरीचे दरवाजे उघडले की नाही हे बघत बसावं तसा मी रोज सकाळी चहाबरोबर पनामातल्या तळ्याची पातळी बघत होतो. ही म्हणाली, "लग्नाच्या वेळी माझी एवढी वाट बघितली नव्हतीस." खरं होतं, म्हणून गप्प बसलो.

जानेवारीच्या शेवटी गाडी साउदॅम्प्टनला उतरली आणि आपल्या जुन्या जकात नाक्याचा पाव्हणा भेटला. इथला नियम असा : साधी जुनी गाडी बाहेरून आणली तर दहा टक्के ड्युटी आणि त्यावर वीस टक्के व्हॅट. पण गाडी तीस वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस-स्टेअरिंग-ब्रेक-इंजिनात फार फेरफार न केलेली आणि ते मॉडेल बंद झालेलं असेल तर ती संग्राहकाची वस्तू ठरते. मग ड्युटी शून्य आणि व्हॅट फक्त पाच टक्के. आता हिशेब घाल. गाडी आणि भाडं मिळून ८,८०० पौंड. पाच टक्के म्हणजे ४४०. माझ्या एजंटानं, नाव नाही लिहीत, डोळे झाकून साध्या गाडीच्या रकान्यात अर्ज भरला आणि मला २,८१६ चं बिल पाठवलं. वर म्हणतो, "आधी भरा, मग परतावा मागू." आबा म्हणायचे, सरकारकडे गेलेला पैसा आणि मेकॅनिककडे गेलेला पाना परत येत नसतो. मी भरले नाहीत. इंजिन नंबरचे, चेसिस नंबरचे, तीन वायपरचे फोटो काढून पाठवले, अर्ज बदलून घेतला. यात नऊ दिवस गेले आणि बंदरानं दिवसाला तीस पौंडांप्रमाणे जागेचं भाडं लावलं. ते मात्र खिशातून गेलं. एजंटानं स्वतःची फी कमी केली का? नाव काढू नकोस.

हो, तीन वायपर. अमेरिकेच्या नियमात काचेचा अमुक एवढा भाग पुसला गेलाच पाहिजे असं आलं आणि हिची काच बुटकी नि रुंद. दोन वायपर पुरेनात, म्हणून अ‍ॅबिंग्डनवाल्यांनी तिसरा लावून दिला. चालू केले की तिघं गडी ओळीनं भांगलण करतायत असं वाटतं.

नंबर नसलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून ट्रेलर केला आणि मी ड्रायव्हरशेजारी बसून आलो. साउदॅम्प्टनहून वर येणारा ए-३४ रस्ता अ‍ॅबिंग्डनला चाटून जातो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पाटी दिसल्यावर ड्रायव्हरला म्हटलं, दोन मिनिटं आत घेतोस का? कारखाना १९८० च्या ऑक्टोबरात बंद झाला. आता तिथं साधी औद्योगिक वसाहत आहे, आपल्या शिरोलीसारखी, फक्त चहाची टपरी नाही. पाऊस भुरभुरत होता. ट्रेलरवर गाडी, खाली आम्ही दोघं. तो सिगारेट ओढत होता. म्हणाला, "ही बाई माहेरी आली म्हणायची." त्यानं इंग्रजीत काहीतरी वेगळंच म्हटलं असेल, मला असं ऐकू आलं.

पुढं कागदाचा दुसरा फेरा. गाडी देशात आल्यापासून चौदा दिवसांत कर खात्याला कळवायचं, मग स्वान्सीच्या आरटीओला, म्हणजे डीव्हीएलएला, व्ही ५५/५ नावाचा फॉर्म. नोंदणीचे ५५ पौंड. गाडी खरंच कधीची हे सिद्ध करायला गेडनच्या मोटार संग्रहालयातून दाखला मागवला, त्यांच्याकडे कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. चेसिस नंबर हीच हिची पत्रिका : जीएचएन५यूडी. जी म्हणजे एमजी, एच इंजिनाचा गट, एन दोन सीटची, यू अमेरिकेसाठी, डी १९७३ चं मॉडेल. दाखल्यात तारीख फेब्रुवारी १९७३, आणि रंग हार्वेस्ट गोल्ड! पण गाडी तर लाल. मी डॅशबोर्डखाली टॉर्च मारली तर आतला पत्रा अजून पिवळा. पट्टणकोडोलीच्या जत्रेत भंडाऱ्यानं न्हालेलं माणूस घरी येऊन आंघोळ करतं आणि तरी कानामागं पिवळं राहतंच, तसा. आता लाल काढून परत पिवळी करायची की नाही यावर घरात दोन पक्ष पडलेत.

एप्रिलात नंबर आला, शेवटी एल अक्षर, त्या सालाचं. जुन्या धर्तीची काळी पाटी लावता येते, ती लावली. चाळीस वर्षांच्या वरची म्हणून रोड टॅक्स शून्य आणि वार्षिक तपासणीही माफ. ही माफी मला पटत नाही. पन्नास वर्षांचे ब्रेक कुणीतरी बघायलाच हवेत, म्हणून मी पैसे देऊन करून घेतली. हेडलाइटचा डिपर उजवीकडे झुकायचा, इथं डावीकडे लागतो, ते दिवे बदलले. गोल सात इंची, अँबॅसिडरसारखेच.

स्टेअरिंग डावीकडेच ठेवलंय. बदलायचे सुटे भाग मिळतात, पण मन होत नाही. अडचण ओव्हरटेकची. पुढं ट्रक असला की मला पलीकडचं काही दिसत नाही. उजव्या सीटवर ही असते. पहिल्या दिवशी घाबरून डोळे मिटून बसली. आता पक्की क्लीनर झालीय. बाहेर मान काढते, दारावर थाप मारते आणि "हां, जाऊ दे, जाऊ दे, सोड!" शेजारून जाणारे इंग्रज बघत राहतात.

एकूण हिशेब : दिवे, ट्रेलर, टायर धरून दहा हजार पौंडांच्या थोडं वर. आपल्या साडेदहा लाखांच्या पुढं. हो, त्यात थोडी भर घालून थार आली असती. पण थारचे टॅपेट तू मला फोनवर सेट करून दिले नसतेस.

त्या टॅपेटचंच काम अडलंय. पंधरा थाऊचा, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांशांचा गॅप, इंजिन गार असताना. इथं नवं फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा, घेतलं, पण ते इतकं कडक आहे की हाताला अंदाजच लागत नाही. पान घट्ट सरकतंय की अडतंय कळत नाही. आबांचं ते जुनं गेज, ज्याच्या पंधराच्या पानाचं टोक झिजून गोल झालंय, ते अजून तुझ्या गल्ल्यात असेल तर जुलैत येताना घेऊन ये. हातातल्या बॅगेत नको, मोठ्या बॅगेत टाक, विमानतळावर काढून घेतील. व्हिसाचे कागद मी बुधवारी पाठवतो.

तुझा,
दिल्या

ता.क. ऑइल गळतंय. सकाळी ट्रेमध्ये रुपयाएवढा थेंब असतो. क्लबातला म्हातारा म्हणाला, थेंब पडायचा थांबला की घाबर, कारण मग ऑइल संपलेलं असतं. आबा हेच म्हणायचे ना?