‘अजून काही विकत घेऊ नका’ म्हणणाऱ्या तुम्हाला

स. न. वि. वि.

तुमचं नाव ठाऊक नाही, म्हणून मायना कोरडाच राहिला. पण पडद्यावर १६५ हा आकडा दिसल्यापासून हे पत्र मनात घोळतंय. आभार शिळे व्हायच्या आत मानलेले बरे.

प्रश्न तसा लहान होता. मॉनिटर २५६० बाय १४४० चा, १६५ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १६५ वेळा चित्र बदलणारा. लॅपटॉपही चांगला. जोडल्यावर चित्र नीट दिसायचं, पण विंडोजच्या यादीत रिफ्रेश रेट ६०, फार तर ७५. त्यापुढे यादीच संपलेली. अशा अडचणीचं दुखणं हे की बिघडलेलं काहीच दिसत नाही. पडदा काळा पडत नाही, एरर येत नाही. त्यामुळे विचारायला जावं तर आधी अडचण खरी आहे हेच पटवून द्यावं लागतं.

तुमच्याआधी उत्तरं काही कमी मिळाली नव्हती. ड्रायव्हर काढून पुन्हा टाका. विंडोजच नव्याने टाका. मॉनिटर सदोष आहे, परत करा. लॅपटॉप जुना झाला. ‘८के’ छापलेली जाड केबल घ्या. डॉक, म्हणजे एका केबलवरून बरेच पोर्ट देणारी पेटी, घ्या. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे, साठच्या पुढचं डोळ्याला कळतच नाही. (कळतं हो. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर थांबते, १६५ ला साधारण ६. माऊसचा बाण जोरात गोल फिरवून बघा, आणखी पुरावा लागत नाही.) यातल्या एकानेही लॅपटॉपला कुठले पोर्ट आहेत, हे विचारलं नाही. रोग्याची नाडी न बघता औषधांची चिठ्ठी लिहायची, तसला प्रकार.

तुमचं पहिलंच वाक्य होतं: “अजून काही विकत घेऊ नका.” आणि लगेच दुसरं: “केबलच्या दोन्ही टोकांना काय आहे, लॅपटॉपच्या पोर्टशेजारी कुठली चिन्हं आहेत आणि मॉनिटरच्या मेनूत माहितीचं जे पान असतं त्यावर काय दिसतंय, एवढं सांगा.”

या पहिल्या वाक्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. बाकीचं ज्ञान कुठे ना कुठे लिहिलेलं सापडतं. पण समोरचा वैतागलाय, खिशात हात घालायच्या बेतात आहे, हे ओळखून त्याचा हात आधी धरायचा, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. तुम्हाला त्यात काही मिळणार नव्हतं. उलट ‘अमुक केबल घ्या’ म्हणून मोकळं होणं सोपं होतं. चाललं तर श्रेय तुमचं, नाही चाललं तर दोष केबलचा.

मग तुम्ही जे मांडलंत ते शाळेतलं गणित होतं. रुंदी गुणिले उंची गुणिले सेकंदाच्या फ्रेम गुणिले एका ठिपक्याच्या रंगाचे २४ बिट. १४४०पी ला (म्हणजे या २५६० बाय १४४० ला) १६५ हर्ट्झ हवं तर नुसत्या चित्राचेच सेकंदाला १४.६ गिगाबिट होतात. दोन ओळींच्या आणि दोन फ्रेमच्या मधली मोकळी जागा धरली की सुमारे १६.३. ही झाली गरज. आता वाट, म्हणजे लॅपटॉप आणि मॉनिटर जोडणारा एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट, त्याच्या आवृत्तीप्रमाणे किती रुंद आहे ते बघायचं. एचडीएमआय १.४ मधून चित्रासाठी ८.१६ गिगाबिट जातात, २.० मधून १४.४. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७.२८, १.४ मधून २५.९२. खोक्यावर याहून मोठे आकडे छापलेले असतात, १०.२, १८, २१.६, ३२.४, पण या चारही बाबतींत त्यातला पाचवा हिस्सा सिग्नल सांकेतिक रूपात बसवण्यातच खर्च होतो. हा वजावटीचा भाग आधीच्या सल्लागारांपैकी कुणाच्या गावीही नव्हता.

“अडलेला आकडाच सांगतो कुठे अडलंय ते,” असं तुम्ही लिहिलंत, आणि तिथून सगळं उलगडत गेलं.

६० किंवा ७५ वर गाडी थांबते तेव्हा बहुतेक वेळा एचडीएमआय १.४ दर्जाची वाट असते. १४४०पी ला ७५ हर्ट्झसाठी सुमारे ७.१ गिगाबिट लागतात, ते ८.१६ मध्ये बसतात. १२० ला ११.६ लागतात, ते बसत नाहीत. केबल मनगटाएवढी जाड घेतली तरी पोर्टची मर्यादा हलत नाही. एचडीएमआय २.० असेल तर १४४ केसाच्या अंतराने बसतं, १४.४ मध्ये १४.१. पण १६५ नाही. तिथे मोकळी जागा शून्य धरली तरी नुसतं चित्रच १४.६ चं आहे. शिवाय लॅपटॉपकडून जमलं तरी पुष्कळ मॉनिटर त्यांच्या एचडीएमआय पोर्टवर १४४ च्या पुढे जातच नाहीत. पूर्ण दर फक्त डिस्प्लेपोर्टवर मिळतो. आणि ‘एचडीएमआय २.१’ एवढंच छापलेलं असेल तर हुरळून जायचं नाही, कारण त्या नावाखाली २.० इतक्याच वेगाचा पोर्टही विकता येतो. पोर्टला किती गिगाबिट पेलतात, ते माहितीपत्रकात शोधायचं.

डॉकची गोष्ट तर तुम्ही दोन ओळींत निकालात काढलीत. यूएसबी-सी मध्ये वेगवान चार लेन, म्हणजे तारांच्या जोड्या, असतात. चारही चित्राला दिल्या तर डेटासाठी फक्त यूएसबी २.० उरतं. डॉकला मात्र यूएसबी ३ चे पोर्ट चालवायचे असतात, म्हणून तो दोन लेन चित्राला देतो आणि दोन डेटाला ठेवतो. डिस्प्लेपोर्ट १.४ च्या वेगाने दोन लेन म्हणजे १२.९६ गिगाबिट. १२० हर्ट्झ बसतं, १४४ बसत नाही. डॉक जुन्या वेगाचा असेल तर दोन लेनचे जेमतेम ८.६४, म्हणजे फिरून ७५ वर. डॉक बनवणाऱ्यांच्या मदतकेंद्राने या १२० ला ‘अपेक्षित वर्तन’ म्हटलं होतं आणि खाली ड्रायव्हर पुन्हा टाकायची सूचना जोडली होती. अपेक्षित आहे तर ड्रायव्हर कशाला, हे विचारायचं राहूनच गेलं. थंडरबोल्टचा (यूएसबी-सी च्याच आकाराच्या पण जास्त वेगाच्या जोडणीचा) डॉक असेल, किंवा दोन्ही बाजूंना चित्र दाबून पाठवायची डीएससी ही सोय असेल, तर हिशेब वेगळा होतो, हेही तुम्ही न विसरता सांगितलंत.

दिशेची खोच तर कुणाच्याच लक्षात आली नव्हती. लॅपटॉपचा एचडीएमआय आणि मॉनिटरचा डिस्प्लेपोर्ट यांच्यामध्ये साधी केबल लावली तर चित्रच येत नाही. तसल्या केबली उलट्या दिशेने चालतात, डिस्प्लेपोर्टकडून एचडीएमआयकडे. दोन्ही टोकं जागच्या जागी चपखल बसतात, म्हणून माणूस फसतो.

आता चिन्हांचं. यूएसबी-सी पोर्टशेजारी डिस्प्लेपोर्टचं चिन्ह किंवा थंडरबोल्टची वीज काढलेली असेल तर त्यातून चित्र निघतं. काहीच नसेल तर माहितीपत्रक बघायचं, कारण नुसता डेटा आणि चार्जिंग करणारे यूएसबी-सी पोर्टही असतात. दिसायला सगळे सारखे. केबलींचंही तेच. फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या यूएसबी-सी केबलमध्ये वेगवान तारा बहुधा नसतातच, तिच्यातून चित्र जाणार कुठून? यूएसबी-सी चे एचडीएमआय अडॅप्टर घ्यायचे म्हटले तर कित्येकांवर ‘४के ३०’ लिहिलेलं असतं. म्हणजे आत एचडीएमआय १.४. ६० च्या फेऱ्यात परत.

एवढं सगळं झाल्यावरच तुम्ही म्हणालात, आता एक वस्तू घ्या: एका टोकाला यूएसबी-सी, दुसऱ्या टोकाला डिस्प्लेपोर्ट अशी एकसंध केबल, एचबीआर३ चा, म्हणजे डिस्प्लेपोर्ट १.४ चा, वेग पेलणारी, दोन मीटरच्या आतली. मध्ये डॉक नको, अडॅप्टर नको, जोडून लांब केलेली दुसरी केबल नको. यूएसबी-सी मधून निघतो तो सिग्नल मुळात डिस्प्लेपोर्टचाच असतो, त्यामुळे रूपांतराची भानगडच नाही. एकच वस्तू, आणि तीही शेवटी.

ती लावल्यावर आकडा आला १४४. इथे ‘झालं की!’ म्हणून कुणीही हात झटकले असते. तुम्ही मात्र मॉनिटरच्या मेनूत शिरायला लावलंत. काही मॉनिटरांचा मूळ दर १४४ असतो आणि १६५ हा ‘ओव्हरक्लॉक’ नावाच्या पर्यायामागे बंद करून ठेवलेला असतो. तो चालू केला की पडदा क्षणभर काळा होतो, मॉनिटर आपली ओळख लॅपटॉपला नव्याने सांगतो आणि विंडोजच्या यादीत नवा दर उगवतो. त्याच मेनूत डिस्प्लेपोर्टची आवृत्ती निवडायची सोयही होती, आणि ती १.२ वर ठेवलेली. जुन्या संगणकांशी जमावं म्हणून कारखान्यातून अशी येते. १.२ वर १६५ हर्ट्झ चालतं, पण ८ बिट रंगातच (तीन मूळ रंगांचे मिळून वरचे २४). १० बिटला सुमारे २०.४ गिगाबिट लागतात आणि १.२ ची वाट १७.२८ ची. १.४ केलं की तेही मोकळं. मॉनिटरला दोष देऊन तो परत करायला सांगणाऱ्यांनी हा मेनू एकदा तरी उघडायला सांगायचा होता.

बाकीच्या सूचना तुम्ही भराभर दिल्यात. विंडोजमध्ये दर बदलायचा तो डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड पानावर, आणि तिथे डेस्कटॉप मोडपेक्षा ॲक्टिव्ह सिग्नल मोडचा आकडा खरा मानायचा. ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्याच्या पॅनेलमध्ये रिझोल्यूशनच्या दोन याद्या असतात. वरची टीव्हीसाठीची, तिला भुलायचं नाही, मोठे दर खाली ‘पीसी’ या मथळ्याखाली असतात. दोन्ही पडदे ‘डुप्लिकेट’ ठेवले तर बाहेरचा पडदा आतल्याच्या पायात पाय घालून चालतो, म्हणून ‘एक्स्टेंड’. आणि या सगळ्यांपेक्षा मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतलं माहितीचं पान खरं, कारण त्याच्यापर्यंत जे पोचलं तेच ते दाखवतं.

ॲडॅप्टिव्ह सिंकबद्दल, म्हणजे मॉनिटरने आपला दर येणाऱ्या फ्रेमशी जुळवून घेण्याच्या सोयीबद्दल, तुम्ही जे बजावलंत ते मुद्दाम पुन्हा लिहावंसं वाटतं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स (एक प्रोसेसरमधलं, एक वेगळ्या कार्डाचं) असतील तर कुठला पोर्ट कुणाला जोडलाय, हे आधी बघायचं. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये सराउंड आणि फिजएक्सच्या पानावर त्याचं चित्रच असतं. पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेला असेल तर जी-सिंकचा, म्हणजे एनव्हिडियाच्या ॲडॅप्टिव्ह सिंकचा, पर्याय पॅनेलमध्ये दिसतच नाही, आणि वेगळ्या कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम आधी इकडे नक्कल होऊन मग बाहेर जाते. दोन यूएसबी-सी पोर्ट असले तर एक इकडे, एक तिकडे असंही असतं. शेजारचा पोर्ट वापरून बघायला काही खर्च नाही. तुम्ही ‘खर्च नाही’ हे शब्द तिथेही वापरले होते.

ओव्हरक्लॉक केलेला दर खरोखर दिसतोय की मॉनिटर मधल्या फ्रेम गाळतोय, हे तपासायची तुमची युक्तीही नामी. पडद्यावर प्रत्येक फ्रेमला एकेक चौकोन पुढे सरकणारी चाचणी लावायची आणि कॅमेऱ्याने एक दशांश सेकंदाचं एक्सपोजर देऊन फोटो काढायचा. उजळलेले चौकोन सलग आले तर ठीक, मध्ये खिंडार पडलं तर १६५ नावापुरतं. मग १४४ वर समाधान मानायचं, आणि त्यात कमीपणा नाही, हेही तुम्हीच म्हणालात.

एका ठिकाणी तुम्ही लिहिलं होतं, “हे मला नक्की माहीत नाही, बघून सांगतो.” आणि बघून सांगितलंत. अर्धवट माहितीवर ठामपणे बोलणाऱ्यांची इतकी सवय झालेली असते की असं वाक्य वाचताना आधी डोळ्यांवर विश्वास बसत नाही. ड्रायव्हर पुन्हा टाका म्हणणाऱ्यांचा आवाज तुमच्यापेक्षा कितीतरी खणखणीत होता. भलेपणा असा हळू बोलतो, म्हणून गर्दीत ऐकू येत नाही, आणि मग आपण जग वाईट आहे म्हणत बसतो. असो, फार लांबलं.

सगळं चालू झाल्यावर दोन दिवसांनी, कुणी न विचारता, तुम्ही आणखी एक प्रश्न धाडलात: लॅपटॉप झोपेतून उठल्यावर दर टिकतोय ना? केबल काठावरची असेल तर उठताना दोन्ही बाजूंची बोलणी खालच्या वेगावर मिटतात आणि दर गुपचूप ६० वर येऊन बसतो. कधी पडदा सेकंदभर काळा होऊन परत येतो. तसं झालं तर आधी दोन्ही टोकं घट्ट बसवा, मग केबल बदला, असं खाली लिहिलं होतंत. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं.

टिकतोय. सलग आठ दिवस, झाकण मिटून, उघडून, केबल काढून, परत लावून पाहिलं. माहितीच्या पानावर दर वेळी २५६० बाय १४४०, १६५ हर्ट्झ.

लोभ असावा, ही विनंती.