हायपो मापून घालणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

वॉर्डात संसर्ग वाढला की चर्चा होते ती अँटिबायोटिकची, बादलीची कोणी करत नाही. म्हणून हे पत्र.

तुम्ही हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट हे क्लोरीनचं जंतुनाशक, वासावर घालत नाही, मगाने मापता. वास उग्र आला की जंतू मेले, ही समजूत शिकलेल्यांचीही असते! बाटलीवर 5 टक्के असेल तर एक मग हायपोला चार मग पाणी, 10 टक्के असेल तर एकाला नऊ, म्हणजे द्रावण 1 टक्क्याचं. पातळ झालं तर जंतू उरतात, दाट झालं तर खाटेचा कठडा गंजतो आणि गंजलेली खरखरीत जागा कधीच नीट पुसली जात नाही. रोज ताजं द्रावण, तेही थंड पाण्यात, कारण उन्हाने, उष्णतेने क्लोरीन उडतो. व्हिएन्नात 1847 साली डॉ. झेमेलवाइसनी इतर डॉक्टरांना हात धुवायला लावले तेही क्लोरीनच्याच पाण्यात; पणजीची एस्कोला मेदिको-सिरुर्जिका, म्हणजे पोर्तुगीज काळातली वैद्यकीय शाळा, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती.

रक्त सांडलं की तुम्ही आधी हातमोजे घालता, रक्त कागदाने झाकता, कडेकडून मध्याकडे हायपो ओतता आणि किमान 10 मिनिटं कोणालाही हात लावू देत नाही. घाईत ही मिनिटंच वाया गेल्यासारखी वाटतात, पण खरं काम तेव्हाच चालू असतं. लघवीवर मात्र हायपो थेट ओतत नाही आणि संडासच्या ॲसिडमध्ये तर कधीच मिसळत नाही: विषारी वायू सुटतो.

झाडू न मारता ओला पोछा, स्वच्छ बाजूकडून घाणेरड्या बाजूकडे. एका खाटेचं फडकं दुसऱ्या खाटेला नाही. पावसाळ्यात आपल्याकडे पोछे वाळता वाळत नाहीत, आणि ओलसर पोछ्यात जंतू रात्रभरात वाढतात; तुम्ही ते बादलीत न ठेवता उलटे टांगता, ओले राहिले तर वापरत नाही.

चवथीत निम्मा स्टाफ रजेवर असतानाही हे चुकत नाही, त्याचे वेगळे आभार.

एक गोष्ट मात्र तुमच्या हातात नाही. पिवळ्या पिशवीत सुई टाकणारा वेगळा, टोचते ती तुम्हाला. सुया पांढऱ्या डब्यातच टाकाव्यात म्हणून आम्ही टाकणाऱ्यांच्या मागे लागतोच. टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका; वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा आणि लगेच कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी जितकी लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर उपयोग नाही. नव्या मुलीचा हेपॅटायटिस बीचा सहाव्या महिन्याचा डोस राहिला असेल तर तिला या आठवड्यातच पाठवा.

आपल्या,
संसर्ग नियंत्रण परिचारिका, फोंडा