दोष झाकणाचा नव्हता, हे दाखवून दिल्याबद्दल

आदरणीय मेकॅनिक काका,

माझ्या गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा विझून महिना होत आला, तरी मनासारखे आभार मानायचे राहूनच गेले होते.

तुमच्याकडे येण्यापूर्वी दोन गॅरेजांत मला एकच उत्तर मिळाले होते: पेट्रोल भरल्यावर तुम्ही टाकीचे झाकण नीट लावत नाही. स्कॅनरवर पी ०४५६, म्हणजे इंधनाच्या वाफेची अगदी बारीक गळती, असा कोड दिसला की तो पुसायचा आणि गाडी परत द्यायची, एवढ्यावर तिथली तपासणी संपत असे. एकदा झाकण बदलले, एकदा पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे साठलेली वाफ इंजिनात सोडणारी झडप. दिवा पुन्हा लागला की दोष पुन्हा माझाच. टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असेल किंवा इंजिन आधीच तापलेले असेल, तर बहुतेक गाड्या ही गळतीची चाचणी घेतच नाहीत आणि म्हणून कोड पुसल्यावर काही दिवस सारे ठीक झाल्यासारखे वाटते, हे तुम्ही सांगेपर्यंत मला कोणीही सांगितले नव्हते.

तुम्ही झाकण काढलेत, त्याच्या रबरी रिंगवरून सावकाश बोट फिरवलेत आणि म्हणालात, "ताई, झाकण उत्तम आहे. तुमचं काही चुकलेलं नाही." मग वाफेच्या नळ्यांत धूर सोडून तुम्ही दिवे मालवलेत, टॉर्च माझ्याच हातात दिलात आणि मला वाकून पाहायला सांगितलेत. इंधनाची वाफ शोषून धरणाऱ्या कोळशाच्या डब्याकडे, म्हणजे कॅनिस्टरकडे, जाणाऱ्या नळीच्या वळणावरून धुराची दोऱ्याएवढी रेघ वर चढत होती. अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही गाडीला कळते, आणि ती मात्र इतके महिने कोणी शोधलीच नव्हती! काम तुम्हाला एकट्यालाही करता आले असते. पण मला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री पटावी, असे तुम्हाला वाटले, याचे मोल माझ्यासाठी दुरुस्तीहून मोठे आहे.

संपूर्ण कॅनिस्टर बदलावा लागेल असे म्हणाला असतात, तरी मी मान डोलावली असती. तुम्ही फक्त ती नळी बदललीत. समोरच्याच्या अज्ञानाचा फायदा न घेणारी अशी माणसे भेटली की किती दिवसांचा मनस्ताप उतरतो, हे मी अनुभवले आहे. परवा पेट्रोल भरल्यावर झाकण फिरवले, 'टक्' असा आवाज ऐकला आणि पुन्हा उतरून ते तपासावे असे मला वाटले नाही.

आपली कृतज्ञ,
एक ग्राहक